एक चमचा, कोमट दुधातून

ससून डॉकच्या बर्फाच्या गोदामात
एकवीस वर्षं मी लाद्यांचा हिशेब लिहिते.
कानटोपी, दोन स्वेटर,
पेनातली शाई थिजते म्हणून पेन्सिलीनं.
आणि त्या दिवशी सकाळी सहाला
चौसष्टावी लादी मोजताना
छातीत कुणीतरी स्टोव्ह पेटवला,
पंप मारून मारून.
मान, कान, कपाळ.
टोपी काढली, स्वेटर काढले,
लादीला पाठ लावून उभी राहिले.
रज्जाक हमाल आकडा हातात धरून बघतच राहिला.
बाई, बरं नाही का?
म्हटलं, चौसष्ट झाल्या. पुढची आण.

बाहेर चांगुणा वेसावकर कोळंबी सोलत होती.
तिला सांगावं लागलं नाही.
"तुजी पन भट्टी पेटली काय गो?
माजी सात वर्सं चालली.
गिऱ्हाईक नसलं का पापलेट धरायची गालाला."

प्रफुल्ला जाऊबाईंनी काळबादेवीहून डबा आणला.
शतावरीचं चूर्ण.
डब्यावर पन्नाशीची म्हणून काढलेली
पंचविशीची बाई हसतेय.
खाली यादी: घाम, धडधड, चिडचिड, जागरण,
हाडांची झीज, मनाची मरगळ,
सर्वांवर एकच.
एवढं तर आमच्या कुलदेवीनंही
कधी एका दमात कबूल केलं नव्हतं.
जाऊबाई हळूच म्हणाल्या, शतावरी म्हणजे
शंभर नवऱ्यांना पुरून उरणारी.
मी म्हटलं, एकच आहे, घोरतो.
त्याला पुरून उरले तरी पैसे वसूल.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर मुकादम मॅडमनी
डब्यावरची बारीक अक्षरं वाचली,
आधी चष्म्यातून, मग चष्मा काढून.
"काही जणींना बरं वाटतं. पुरावा तसा तोकडाच.
घ्यायचं तर घ्या,
पण रक्तदाबाची गोळी सोडायची नाही.
आणि बंद झालेलं पुन्हा अंगावरून गेलं
तर डबा कुरवाळत घरी बसू नका, लगेच या."
बोलता बोलता केसपेपर उचलून
त्यांनी स्वतःलाच वारा घातला.
पंखा चालू होता.
आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही.

तर रात्री साडेदहाला, एक चमचा, कोमट दुधातून.
चव भिजलेल्या पुठ्ठ्याची,
गिळल्यावर मागून किंचित गोड.
या घरात दूध मी सगळ्यांसाठी तापवलं,
सासऱ्यांसाठी, लेकासाठी, विरजणासाठी,
एकदा तर शेजारच्यांच्या मांजरासाठी.
आता एक पेला माझा.
दिवा बंद करून ओट्याला टेकून पिते.
हाक आली तर म्हणते, औषध घेतेय.
औषध म्हटलं की घर गप्प बसतं.
हे डब्यावर लिहिलेलं नाही.

पायाखाली फरशी गार लागते तेव्हा आई आठवते.
ती अशीच रात्री उठून
स्वयंपाकघरात उघड्या शहाबादीवर झोपायची,
उशीशिवाय, पदर लांब टाकून.
आम्हाला वाटायचं, बाबांशी भांडली.
बाबांनाही तसंच वाटायचं.
दोन वर्षं बिचारे माफी मागत राहिले,
कशाची ते न कळता.
आणि तिनंही करत राहिली, माफ.

तिसरा आठवडा.
लाद्यांच्या वहीत मागच्या पानावर टिंबं देते,
एका भट्टीला एक टिंब.
सोमवारी नऊ, मंगळवारी सहा, काल अकरा.
झोप मात्र लागते, तीनपर्यंत तरी.
चूर्णामुळे, दुधामुळे,
की डिसेंबर लागला म्हणून?
एकवीस वर्षं बेरजा करणाऱ्या बाईला
ही एक जुळवता येत नाही.
डबा अर्धा झालाय. दुसरा आणेन बहुधा.

रज्जाकनं त्यानंतर काही विचारलं नाही.
फक्त हल्ली सकाळी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर
गोणपाटात गुंडाळलेला
लादीचा एक फुटका तुकडा असतो.
मी तो मानेला लावते.
वहीत लिहीत नाही.
बासष्ट, त्रेसष्ट.